चौथ्या गाण्यातली नावं

१६ नोव्हेंबर, आमच्या पाड्यावरून

केदार,

नमस्कार-चमत्कार आज राहू दे. काल दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. हे मोबाईलवर लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होशील, म्हणून कागदावर लिहितेय. कागद तू फेकत नाहीस. कॉलेजच्या कँटीनची कुपनं अजून तुझ्या बंगलोरच्या खोलीत सापडतील.

तुझा 'कणगी' अल्बम ऐकला. दिवाळीत निघाला हे मला पेपरातून कळलं. तू कळवलं नाहीस, ते सोड. दोन उन्हाळे तुझ्यामागे रेकॉर्डिंगच्या मशीनची बॅग घेऊन पाडोपाडी फिरले, कोण काय गातंय ते तुला समजावून सांगितलं, तर मला एक मेसेज करायला हरकत नव्हती. पण आज भांडायचं कारण ते नाही.

काल धीरजच्या घरची माणसं लग्नाची तारीख धरायला आली होती. धीरज म्हणजे ज्याच्याशी माझं माघात लग्न ठरलंय तो. त्याला कोण कौतुक. येताना मोठा स्पीकर घेऊन आला. 'कणगी'च्या आभारात आपल्या तेजलचं नाव हाय, म्हणत त्याने सगळ्यांना अंगणात बसवलं आणि तुझा अल्बम लावला. पहिली तीन गाणी मजेत गेली. पोरं नाचली. जिव्याकाका, म्हणजे आमच्या पाड्याचा कारभारी, तुझा तो घुमणारा तारपा ऐकून म्हणाला, "यो तारपा कोनी पान्यात बुडवला?" सगळे हसले.

मग चौथं लागलं.

चिमीमावशी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. स्वतःचा आवाज स्पीकरातून येतोय म्हणून आधी लाजली. देवांना बोलावणं झालं, नवरीला हळद लावून झाली, आणि मग गाण्यात नावं आली. तेजल. केदार. खाली तुझ्या मशीनचा तो धप धप ठोका. परत तेजल, केदार. परत. तू ते अकरा वेळा फिरवलंयस. मावशीचं सूप हातात तसंच राहिलं. माझी आई चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी.

तुला मी तेव्हाच सांगितलं होतं आणि आता परत सांगते. आमच्या पाड्यावर भट लागत नाही. धवलेरी, म्हणजे आमची चिमीमावशी, गाते आणि लग्न लागतं. देव बोलावल्यापासून पूर्ण गाणं म्हणत आली आणि दोघांची नावं घेतली, की झालं. हार, मंगळसूत्र, फोटो, ते सगळं नंतर हौसेचं. म्हणून मावशी शिकवताना सुद्धा कावळा-चिमणीची नावं घेते आणि गाणं मध्येच सोडते. तुला मात्र पूर्ण गाणं हवं होतं. अर्धं नको, एका दमात हवं, असा हट्ट तुझा. आणि पूर्ण गायचं तर मावशी कावळा-चिमणी म्हणणार नाही. देवांना बोलावून त्यांची चेष्टा कशी करायची?

मी तुला शिरगावच्या किल्ल्याच्या तटावर बसून म्हटलं होतं, नावांचा तुकडा कापून टाक. तू हो म्हणालास. स्पष्ट हो म्हणालास. मला आठवतंय, तू तेव्हा चणे खात होतास.

मावशीने त्या दिवशी आपलीच नावं का घेतली ते मला माहीत नाही. समोर आपण दोघंच होतो, गडबडीत घेतली असतील.

गाणं संपल्यावर मावशीने सूप खाली ठेवलं आणि धीरजच्या आईला, जमनाबाईंना सांगितलं, "हिचा लगीन झालाय. मीच लावलाय. मना वाटला गाना बाहेर नाय जाल, म्हनून गप होती." जमनाबाईंनी चहा संपवला, बशी पुसून ठेवली आणि उठल्या. तारीख धरली नाही. धीरज स्पीकर इथेच विसरून गेला, तो अजून अंगणात आहे.

मला खरंच कळत नाही हे काय झालं. काहीतरी कर केदार, माझं लग्न मोडतंय.

तेजल

२५ नोव्हेंबर, बोईसर, कंपनीचं कँटीन

केदार,

तुझा मेसेज मिळाला. शेवटी मेसेजच. गाणं सगळीकडून काढून टाकलंस, त्याबद्दल आभार मानायला हवेत म्हणून मानते. "आता कुणी ऐकू शकणार नाही, प्रश्न मिटला," असं तू लिहिलंयस. अरे बाबा, मावशी गायली ती अॅपमध्ये नाही गायली. देवांसमोर गायली. तू पाटी पुसलीस म्हणून शाळेत शिकलेलं जातं का?

आणि त्याखालची ती ओळ. "टेक इतका सुंदर होता की कापवेना. पण ही स्टोरीच काय कमाल आहे, एका मुलाखतीत सांगितली तर चालेल?"

मी तेव्हा लॅबमध्ये होते. हातात नमुन्याची बाटली होती. ती बाटली मी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तबियत ठीक है ना?" मी हो म्हटलं. मला राग यायला पाहिजे होता, पण रागसुद्धा आला नाही. कोणी कानाखाली वाजवल्यावर पहिल्यांदा नुसतं ऐकू येईनासं होतं, तसं झालं.

चालणार नाही. कोणालाही सांगायचं नाही.

आता इकडचं ऐक. रविवारी जिव्याकाकाने माणसं बसवली. धीरज आला, जमनाबाई आल्या. झिपरूआजा आला, तोच म्हातारा, जो मेलेल्यांच्या दिवसाला घांगळीची तार वाजवून गातो आणि ज्याने तुला रेकॉर्डिंग करू दिलं नव्हतं. धीरज म्हणाला, "पालघरला जाऊन सही करू, कोर्टाचा लगीन करू, कशाला पाहिजे गाना?" मला इतकं बरं वाटलं. पण मावशी म्हणाली, "सह्या करा ना, दहा करा. पन हिच्या नावाचा गाना मी परत नाय गानार. एका बायकोला दोन नवरे मी कशी सांगू देवाला?" मी तिच्या पाया पडले केदार. ती रडली, पण हलली नाही. तिच्यावर रागावता येत नाही. ती खोटं वागली असती तर मी रागावले असते.

जमनाबाई वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की गाण्याशिवाय आलेल्या सुनेला घरच्या कणगीत हात घालू देता येत नाही. पोरगी राहील घरात, खाईल, पण धान्य काढायचं ते मी काढीन, मी मेल्यावर माझी धाकटी सून काढील. म्हणजे जन्मभर पाहुणी. आणि तू अल्बमला नाव दिलंस 'कणगी'. ते नावही मीच सुचवलं होतं म्हणा.

जिव्याकाका शेवटी म्हणाला, "नवरा जिता हाय तवर हिचा दुसरा लगीन नाय. एक तं त्यानी येऊन हिला नेवाची, नाय तं तो मराला पाहिजे." मी म्हटलं, म्हणजे काय, मारायचं त्याला? कोणी हसलं नाही. एकटा झिपरूआजा हसला. म्हणाला, "गान्यात लागला ना लगीन? मंग गान्यात मरल. मी मारतो त्याला."

असं आहे. तुझा दिवस घालायचा, घांगळीवर तुला पोचवायचं, मी विधवा व्हायचं आणि मग धीरजशी पाट लावायचा. मोठं गाणं नाही, विधवेचा लागतो तसा साधा पाट. पण त्याने कणगीचा अडसर जातो. मी म्हटलं, विचार करू द्या. जिवंत माणसाचा दिवस घालायचा म्हणजे काय चेष्टा आहे का.

परत निघताना धीरज फाट्यापर्यंत माझ्यासोबत आला. तू गाणं काढायच्या आधीच त्याने ते मोबाईलमध्ये उतरवून घेतलं होतं. मला विचारलं, "नावा कोनी सांगितली होती तुज्या मावशीला?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्याने मान हलवली. पण तो परत ते गाणं ऐकणार आहे, मला माहीत आहे. तू धीरजला ओळखत नाहीस. तो कंपनीत कॉम्प्रेसरवर असतो. नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठलं बेअरिंग जातंय.

तू फक्त एवढं कळव, की पूर्ण रेकॉर्डिंग तुझ्याकडे अजून आहे का. गाण्याच्या आधीचं.

तेजल

७ डिसेंबर, बेटेगाव, खोलीवर

केदार,

काल दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. दुपारी धीरज, संध्याकाळी तुझं पत्र. पत्र, आणि तेही हाताने लिहिलेलं. मला वाटलं अक्षर विसरला असशील.

आधी धीरजचं सांगते. दार वाजलं, तो आत आला, पाणी प्यायला, आणि खिशातून वायरचे इअरफोन काढून एक माझ्या कानात घातला, एक त्याच्या. गाणं लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

गाणं धरताना मावशी खाकरते, त्याच्याही आधी सात सेकंद आहेत. त्या दिवशी अंगणात पोरं ओरडत होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मावशी विचारते, "कोनाची नावा घेव गो?" आणि एक पोरगी हळूच म्हणते, "माजं घे. आनि केदारचं."

ती मीच. घे, लिहून टाकलं.

तुला तुझी ती रेकॉर्डिंगची खोली आठवते. वेल्डिंगच्या दुकानावरची, बेटेगावच्या फाट्याला. भिंतींना गोधड्या लावल्या होत्या, एप्रिल महिना, आणि तू पंखा बंद करायला लावलास. तू दाराशी खाली वाकून वायर लावत होतास. मावशीने विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती विचारेल, खरं का? तिने विचारलं नाही. डोळे मिटले आणि गायला लागली. सत्तावीस मिनिटं मी तिथे बसून होते आणि माझं लग्न लागत होतं आणि तू बोटांनी बटणं फिरवत आवाजाचा मीटर बघत होतास. मला तेव्हा काय वाटत होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला फार आनंद होत होता. लाज वाटत होती आणि आनंद होत होता.

मग भीती वाटली, म्हणून किल्ल्यावर तुला काप म्हटलं.

आता ऐक, मला खरा धक्का कशाचा बसलाय. मी धीरजच्या शेजारी बसून ते सात सेकंद चार वेळा ऐकले. त्यात खालच्या दुकानाचा खडखडाट नाही. रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न नाहीत. माझा आवाज अगदी जवळ आहे, कानाशी बोलल्यासारखा. तो असा रेकॉर्ड झालेला नाही. मी तुझ्याकडे शिकलेय, मला कळतं. तू तो उचललास, धुतलास, पुसलास, वर आणलास. दिवसच्या दिवस ते वाक्य ऐकलं असशील. किल्ल्यावर मी काप म्हटलं तेव्हा मी काय काप म्हणतेय ते तुला माहीत होतं. चणे खात हो म्हणालास. आणि अडीच वर्षांत एकदाही मला विचारलं नाहीस, तेजल, तू असं का म्हणालीस.

नको म्हणायचं होतं तर नको म्हण. नाही आवडत म्हण. शिरगावच्या वाडीवाल्यांच्या घरात डोंगरावरची सून कशी आणू म्हण, मला तेही समजलं असतं, तुझ्या वडिलांना, बळवंतकाकांना मी ओळखते. पण तू तेवढं वाक्य घेतलंस, चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला चिकटवलंस आणि बाजारात नेलंस. मला तुझी लाज वाटते केदार, आणि माझी पण.

धीरजने वायर गुंडाळली. म्हणाला, "आवाज खरा हाय तुजा. खोटा असता तं कलला असता." मी म्हटलं, हो, तेव्हा खरा होता. मग त्याने इअरफोन खिशात टाकले. मला वाटलं, उठेल आणि जाईल. पण तो म्हणाला, "मंग आता तूच सांग. त्याला बोलवायचा का पोचवायचा? मी दोन्हीला हाय." दोन्हीला आहे म्हणाला. असं कोण म्हणतं?

तो गेला आणि तासाभरात पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला.

"जे गायलं गेलं ते मला मान्य आहे. मी येतो. घरी काय बोलायचं ते मी बोलेन." मी जिन्यात उभी राहून वाचलं. घरमालकीण गोजराबाई दोनदा वर-खाली गेल्या, दुसऱ्यांदा म्हणाल्या, "कोन गेला का गो?" मी म्हटलं नाही, कोणी नाही गेलं.

हेच तू त्या एप्रिलात म्हणाला असतास तर मी चपला न घालता आले असते. आता तू हे का म्हणतोयस ते मला कळत नाही, आणि मला वाटतं तुलाही कळत नसेल. तुला चुकीची भरपाई करायचीय. किंवा गोष्ट छान आहे म्हणून तिचा शेवटही छान करायचाय. तू वाईट माणूस नाहीस, पण तुला एखादी गोष्ट सुंदर दिसली की तिच्यातलं माणूस दिसत नाही. माझ्याबाबतीत एकदा झालं तेवढं पुरे.

मी झिपरूआजाला निरोप पाठवलाय. पुढच्या रविवारी.

येऊ नकोस. हे मी नीट, थंड डोक्याने लिहितेय. येऊ नकोस.

तेजल

१५ डिसेंबर, पाडा

कै. केदार यास,

काल तू वारलास.

हे असं लिहिताना मला हसू यायला हवं होतं. सकाळपर्यंत येत होतं. आईसुद्धा हसत होती, की जित्या माणसाचं जेवण घालतोय, त्याचं आयुष्य वाढेल. मग झिपरूआजा आला, घांगळी मांडीवर घेऊन बसला, आणि त्याने मला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली, तसं हसू गेलं.

फोटो मागितला. मी अल्बमचं चित्र छापून नेलं होतं, ज्यात तू पाठमोरा समुद्राकडे बघत उभा आहेस. आजा म्हणाला, "याला तोंड नाय? बिनतोंडाचा मानूस पोचवू कसा?" मग कॉलेजच्या सहलीतला फोटो काढला, ज्यात तुझा दात दिसतो.

"कसा मेला?" मी म्हटलं, लांब गेला. आजाला तेवढं चाललं.

"त्याला काय आवडत होता?" म्हटलं, तांदळाची भाकर आणि वांगं घातलेली सुकट. मावशी म्हणाली, वाडीवाला ना, चिकू ठेवा. मी म्हटलं नको, त्याला चिकू आवडत नाही, लहानपणी इतके खाल्लेत की वास आला तरी उठून जातो. चहात साखर कमी. भात गरम नको, कोमट. आजा विचारत गेला आणि मी सांगत गेले. मला सगळं येत होतं. पाड्यावरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. धीरज मागे चुलीवर भात ढवळत होता, त्याला सगळं ऐकू जात होतं, आणि मला थांबता येईना.

मग आजा गायला लागला. तुला तो आवाज फार हवा होता ना, तीनदा गेला होतास त्याच्याकडे. मेलेल्या माणसाचा रस्ता सांगतात त्या गाण्यात. तू आमच्या पाड्यावरून उठलास, ओहळ ओलांडलास, सफाळ्याची भातखाचरं मागे टाकलीस, शिरगावला तुझ्या घराच्या दारात उभा राहिलास, पण आत कोणी बोलावलं नाही, कारण आत कोणाला दिसत नव्हतास. तिथून समुद्र. मला वाटलं होतं दोन अश्रू काढावे लागतील, आईने पदराला कांदा बांधून दिला होता. कांदा तसाच राहिला. मी इतकी रडले की चिमीमावशी घाबरली. मी अडीच वर्षं कोणासमोर रडले नव्हते, आणि काल मला सगळ्यांसमोर तुझ्या नावाने रडायला रीतसर बसवलं होतं.

बांगड्या फोडल्या. तेव्हाच माझा मोबाईल वाजला.

तो मांडीपाशी पडला होता, सगळ्यांना दिसला. तुझं नाव, तुझा फोटो. आजाचं बोट तारेवर थांबलं. वाजून बंद झाला. मग मेसेज आला, "सफाळ्याला उतरलोय. पाड्यावर कुठून येऊ?" आणि परत वाजायला लागला. मावशीने माझं मनगट धरलं. "उचलू नको. उचललास तं तो जिता होल. परत नाय मारता येत."

मी उचलला नाही. दुसऱ्यांदाही वाजू दिला, पूर्ण. आजाने समुद्रापासून पुढचं गाणं धरलं आणि तुला नेऊन सोडलं.

भात उतरवून धीरज मोटरसायकल घेऊन स्टेशनावर गेला. कोणी पाठवलं नव्हतं. दीड तासाने आला. तुला चहा पाजला म्हणे, गाडीत बसवून दिलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तो स्वतःच म्हणाला, "बरा दिसत होता." मग हात धुतले आणि तुझ्या दिवसाची सुकट-भाकर माझ्या शेजारी बसून खाल्ली.

माघात पाट लागेल. मोठं गाणं माझ्यासाठी आता कोणी गाणार नाही. ते एकदाच गायचं असतं, ते झालं, आणि ते तुझ्याकडे राहिलं.

संध्याकाळी धीरजने विचारलं, "फोन का नाय उचललास? मावशीनी धरला म्हनून?" मी हो म्हटलं. मावशीने मनगट अगदी हलकं धरलं होतं. मी उचलला नाही, कारण उचलला असता तर मी म्हणाले असते, तिथेच थांब, मी येते.

तेजल